ॲप डाउनलोड होत नाही? आधी या चुका टाळा

ॲप डाउनलोड न होण्यामागचं कारण बहुतेक वेळा किरकोळ असतं. महाग पडतात ते घाईत केलेले उपाय. कुणी फोन रीसेट मारतो आणि फोटो घालवून बसतो, कुणी व्हॉट्सॲपवर आलेली फाइल टाकतो आणि खात्यातले पैसे जातात. इथे मुख्यतः अँड्रॉइडबद्दल लिहितोय, कारण आपल्याकडे बहुतेकांच्या हातात तोच असतो.

‘पेंडिंग’ दिसताच पुन्हा पुन्हा इन्स्टॉल दाबणं

प्ले स्टोअर डाउनलोडची रांग लावतं. आधीपासून बाकीच्या ॲप्सचे अपडेट चालू असतील तर नवं ॲप त्यांच्यामागे थांबतं. कितीही वेळा बटण दाबलं तरी रांग पुढे सरकत नाही. वर उजवीकडे स्वतःच्या फोटोवर टॅप करा, ‘मॅनेज ॲप्स अँड डिव्हाइस’मध्ये जाऊन चालू अपडेट थांबवा आणि मग हवं ते ॲप घ्या.

रांग रिकामी असूनही पेंडिंगच असेल तर त्याच मेनूतल्या सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क प्रेफरन्सेस’ बघा. अनेकदा तिथे डाउनलोड फक्त वाय-फायवर ठेवलेलं असतं आणि घरात वाय-फायच नसतं. डेटा वाचावा म्हणून मुलाने कधीतरी ते लावून दिलेलं असतं, एवढंच.

व्हॉट्सॲप चालतंय म्हणजे नेट चालतंय, असं धरून चालणं

ही चूक सगळ्यांत जास्त वेळ खाते. रोजच्या दीड किंवा दोन जीबीच्या पॅकमधला डेटा संपला की नेट बंद पडत नाही, त्याचा वेग ६४ केबीपीएसवर येतो. मेसेज जातात, येतात, त्यामुळे शंकाही येत नाही. हिशेब करा: १०० एमबीचं ॲप या वेगाने उतरायला सुमारे साडेतीन तास लागतील, तेही मध्ये एकदाही नेट तुटलं नाही तर. म्हणून आधी सिम कंपनीच्या ॲपमध्ये आजचा शिल्लक डेटा बघा. संपला असेल तर छोटं डेटा व्हाउचर घ्या किंवा रात्री बारापर्यंत थांबा. फोनमध्ये बिघाड शोधत बसू नका.

रेल्वे स्टेशनच्या वाय-फायचंही असंच होतं. ओटीपी टाकून नेट सुरू होतं, मोफत अर्धा तास संपतो, पण वर वाय-फायची खूण तशीच दिसत राहते. ब्राउझरमध्ये एखादी नवी साइट उघडून बघितली की लगेच कळतं.

नेटचा वेग चांगला असूनही प्ले स्टोअर ‘कनेक्शन तपासा’ म्हणत असेल तर तीन ठिकाणी नजर टाका. एक, व्हीपीएन, म्हणजे नेट दुसऱ्या सर्व्हरमार्गे वळवणारं ॲप. दोन, ‘प्रायव्हेट डीएनएस’ (साइटचे पत्ते शोधणाऱ्या सर्व्हरची सेटिंग), जाहिराती अडवण्यासाठी पूर्वी कुणी तिथे काही भरलं असेल तर. तीन, फोनची तारीख. बॅटरी पूर्ण उतरून बरेच दिवस पडून राहिलेला फोन कधी कधी जुन्याच तारखेवर सुरू होतो. तारीख चुकीची असली की सर्व्हरचं सुरक्षा प्रमाणपत्र फोनला वैध वाटत नाही आणि जोडणीच होत नाही. तारीख-वेळ ‘ऑटोमॅटिक’वर ठेवा, झालं.

ॲप ४० एमबीचं आहे, फोनमध्ये ५० एमबी आहेत, मग जागा पुरेल

नाही पुरणार. प्ले स्टोअरवर दिसतो तो डाउनलोडचा आकार. फाइल उतरवून, उलगडून बसवायला त्याहून बरीच जास्त जागा लागते. मोकळी जागा एक जीबीच्या खाली गेली की अडचणी सुरू होतात असं धरा. मेमरी कार्ड घालून हा प्रश्न सहसा सुटत नाही, कारण ॲप फोनच्या आतल्या मेमरीतच बसतं.

जागा करायची तर व्हॉट्सॲपपासून सुरुवात करा. सेटिंग्ज, ‘स्टोरेज अँड डेटा’, ‘मॅनेज स्टोरेज’ या वाटेने गेलात की कुठल्या ग्रुपने किती जागा अडवली ते दिसतं. गुड मॉर्निंगचे व्हिडिओ तिथेच सापडतील. गॅलरीतून काढलेले फोटो लगेच जात नाहीत, ट्रॅशमध्ये पडून असतात; तोही रिकामा करा. जागेसाठी बँकेचं किंवा यूपीआयचं ॲप मात्र काढू नका. ते पुन्हा टाकताना त्याच सिमवरून एसएमएस पाठवून नोंदणी करावी लागते, आणि परदेशात राहणाऱ्यांचं भारतीय सिम रोमिंगवर नसेल तर तिथेच अडतं.

दिसेल तिथे ‘क्लिअर डेटा’ दाबणं

‘क्लिअर कॅशे’ आणि ‘क्लिअर डेटा’ शेजारी शेजारी असतात, पण दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कॅशे म्हणजे तात्पुरता साठा. तो गेला तर बिघडत नाही. डेटा गेला की ॲपमधलं तुमचं जे काही फक्त फोनवर होतं ते जातं. पिकांची सरकारी नोंद करायच्या ई-पीक पाहणीसारख्या ॲपमध्ये बांधावर उभं राहून नोंद केली आणि रेंज नसल्याने ती अजून अपलोड झाली नसेल, तर डेटा पुसण्याआधी किंवा ॲप काढण्याआधी रेंजमध्ये जाऊन अपलोड उरकून घ्या.

‘डीएफ-डीएफईआरएच-०१’सारखा न कळणारा कोड आला तर क्रम असा ठेवा. आधी फोन बंद-चालू. मग प्ले स्टोअरचं कॅशे, मग गुगल प्ले सर्व्हिसेसचं कॅशे. त्यानंतरही अडलं तर फक्त प्ले स्टोअरचा डेटा. त्याने बाकीच्या ॲप्सना धक्का लागत नाही. शेवटी प्ले स्टोअरच्या ‘ॲप इन्फो’मधल्या तीन टिंबांतून ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’. इथवर सहसा काम होतं.

गुगल खातं काढून पुन्हा टाकणं किंवा फॅक्टरी रीसेट हा त्यापुढचा टप्पा. तिथे जाण्याआधी एक प्रश्न विचारा: या खात्याचा पासवर्ड कुणाला माहीत आहे? गावाकडच्या कितीतरी फोनमधलं जीमेल खातं दुकानदाराने फोन विकतानाच उघडून दिलेलं असतं आणि पासवर्ड कुणाकडेच नसतो. बटणं दाबून रिकव्हरीतून (फोन चालू होण्याआधीच्या मेनूतून) रीसेट केला की फोन त्याच जुन्या खात्याचा पासवर्ड मागतो. मग चालता फोन हातात असून निरुपयोगी.

प्ले स्टोअरवरून होत नाही म्हणून बाहेरून एपीके घेणं

एपीके म्हणजे ॲप थेट बसवायची फाइल. याबाबत माझं मत ठाम आहे: करू नका. वाहतूक चलान, पीएम किसान, बँकेची केवायसी, अगदी लग्नपत्रिका अशा नावांनी एपीके फाइली व्हॉट्सॲपवर फिरतात. टाकल्यावर त्या एसएमएस वाचायची परवानगी मागतात, म्हणजे तुमचा ओटीपी थेट चोराकडे. प्ले प्रोटेक्टने (प्ले स्टोअरच्या सुरक्षा तपासणीने) अडवलं तर ते बंद करायची सूचनाही सोबतच येते. सूचना आली म्हणजेच समजून जा.

अशी फाइल चुकून टाकली गेलीच तर आधी फोन विमान मोडवर टाका, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून व्यवहार थांबवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करा. आणखी एक: गुगलवर ‘प्ले स्टोअर कस्टमर केअर नंबर’ शोधून फोन लावू नका. तिकडचा माणूस स्क्रीन शेअर करणारं ॲप टाकायला सांगतो आणि पुढचं ओळखायला अवघड नाही.

खात्याचा देश आणि थकलेलं बिल

दुबई, अमेरिकेतल्या मराठी मंडळींना भारतीय ॲप ‘तुमच्या देशात उपलब्ध नाही’ असं दिसतं, कारण प्ले स्टोअर खात्याला लावलेला देश बघतं. तो बदलता येतो, पण वर्षातून एकदाच, आणि जुन्या देशातली प्लेची शिल्लक तिथेच राहते. नुसतं ॲप बघायला म्हणून देश बदलू नका.

आयफोनवर मोफत ॲप घेतानाही ‘व्हेरिफिकेशन रिक्वायर्ड’ आलं तर जुन्या सबस्क्रिप्शनचं बिल थकलंय का बघा. २०२२ मध्ये ॲपलने भारतात कार्डाने पैसे घेणं बंद केलं होतं, तेव्हा बऱ्याच जणांचे हप्ते असेच अडकले. यूपीआय जोडून थकबाकी भरली की डाउनलोड मोकळं होतं.

‘डिव्हाइस कम्पॅटिबल नाही’ याच्याशी झगडत बसणं

हा संदेश अंतिम समजा. ॲपला हवी असलेली अँड्रॉइड आवृत्ती फोनमध्ये नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो बहुधा. सिस्टिम अपडेट उपलब्ध असेल तर घ्या, नसेल तर कॅशे पुसून काही होणार नाही. व्हॉट्सॲपनेही ऑक्टोबर २०२३ पासून अँड्रॉइड ५ च्या आधीचे फोन सोडून दिले. बँक, वीजबिल, रेल्वे तिकीट ही कामं ब्राउझरमधून होतात. ई-पीक पाहणीसाठी तर एकाच मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद चालते, तेव्हा मुदत संपत आली असेल तर शेजारच्या बांधावरच्या माणसाचा फोन मागा.