इम्प्लांट झालंय म्हणून साईन लँग्वेज सोडू नका, घरात अशी चालू ठेवा

कर्णबधिर मुलाला कॉक्लिअर इम्प्लांट झालं, म्हणजे ऐकू येण्यासाठी ऑपरेशन करून कानात यंत्र बसवलं, की नातेवाईक लगेच सांगायला लागतात, आता हातवारे बंद करा नाहीतर तो बोलायचा कंटाळा करेल. अजिबात बंद करू नका. ज्यांचे आईबाबाच कर्णबधिर आहेत अशा इम्प्लांटवाल्या मुलांवर अमेरिकेत अभ्यास झालाय, ती जन्मापासून साईन बघत वाढली आणि बोलायलाही छान शिकली. स्पीच थेरपी, मॅपिंग (मुलाला नीट ऐकू येईल असं मशीन सेट करणं) सगळं वेळेवर कराच, पण इम्प्लांटचं बाहेरचं मशीन काही चोवीस तास लावलेलं नसतं, अंघोळीला काढायचं, झोपताना काढायचं, मधेच बॅटरी संपते, आणि नेमकं तेव्हाच पोराला काहीतरी सांगायचं असतं.

म्हणून सुरुवात तिथूनच करा. पाणी गरम आहे का, डोळे मीट, भीती वाटते का, उद्या कुठे जायचंय, एवढ्या साईन आधी शिका. झोपताना गोष्ट सांगायची तर उजेड तुमच्या तोंडावर आणि हातांवर पडेल असं बसा, दिव्याकडे पाठ केली की चेहरा काळा दिसतो आणि अर्धी गोष्ट तर चेहऱ्यावरच असते. हाक मारायला खांद्यावर हलकं टॅप करा नाहीतर लाईट चालू-बंद करा.

शब्दांसाठी दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राची डिक्शनरी आहे, १०,००० शब्द, यूट्यूबवर फुकट व्हिडिओ. पण नुसते शब्द पाठ करून भागत नाही, कारण व्याकरण वेगळं आहे, 'तू कुठे जातोस' मधला 'कुठे' साईनमध्ये शेवटी जातो आणि प्रश्न विचारताना भुवयाही बोलतात. हे कर्णबधिर शिक्षकाकडूनच नीट येतं. मुंबईत असाल तर वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत चौकशी करा.

आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, मुलाला मोठी कर्णबधिर माणसं भेटू द्या, नोकरी करणारी, संसार करणारी, भांडणारी, गप्पा छाटणारी. ती कधी बघितलीच नाहीत तर मोठं झालं की आपल्याला आपोआप ऐकू येणार असं पोराला वाटू शकतं. जिल्ह्यातल्या कर्णबधिर संघटनेच्या कार्यक्रमाला, खेळांना घेऊन जा, २३ सप्टेंबरला आंतरराष्ट्रीय सांकेतिक भाषा दिन असतो तेव्हा तर नक्कीच. तिथली मंडळी त्याला साईन-नाव, म्हणजे हाताच्या खुणेने घ्यायचं नाव, देतील, ते तुम्ही स्वतः ठरवू नका, त्यांनाच देऊ द्या, आणि घरी आल्यावर आजी-आजोबांनाही शिकवा म्हणजे मशीन काढलेलं असलं तरी घरात सगळे त्याला त्याच नावाने बोलावतील.