‘व्हिटॅमिनचीच तर गोळी आहे!’ म्हणत होणाऱ्या चुका

मेडिकलच्या काउंटरवर हे वाक्य रोज कानावर पडतं आणि पुढचे बरेच घोटाळे तिथूनच सुरू होतात. बी व्हिटॅमिन्स पाण्यात विरघळतात, जास्त झाली तर लघवीवाटे निघून जातात, हे सगळ्यांना पाठ आहे. ते अर्धंच खरं आहे.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे शेजाऱ्याचं रिकामं पाकीट आणून “हीच द्या, बी१२ची आहे” म्हणणं. नाही म्हटलं की लोक चिडतात. “अहो, व्हिटॅमिनला कसली चिठ्ठी?” एक काका असेच तळपायाला मुंग्या येतात म्हणून मित्राची ‘बी१२’ दुसरीकडून घेऊन खात होते, तीही सकाळ-संध्याकाळ. मग दिवसभर झोप, उठलं की तोल जायचा. एकदा बाथरूममध्ये पडले. घरच्यांनी शुगर तपासली, बीपी तपासलं, कानाच्या डॉक्टरांकडेही नेऊन आणलं. “बाकी काही घेता का?” या प्रश्नाला काकांचं उत्तर ठरलेलं, “काही नाही, फक्त व्हिटॅमिन.” माझ्याकडे पाकीट आलं तेव्हा उलटं करून त्यांच्यासमोर धरलं. मेथिलकोबालामिनच्या, म्हणजे बी१२च्या, खाली बारीक अक्षरात लिहिलेलं: प्रीगॅबालिन ७५ मि.ग्रॅ. हे व्हिटॅमिन नव्हे, नसांच्या दुखण्यावरचं औषध. गुंगी आणणारं, डॉक्टरांनी वय आणि किडनी बघून मात्रा ठरवायचं. काका लगेच म्हणाले, “मग आजपासून बंद!” तेही चालत नाही. नियमित घेतलेलं प्रीगॅबालिन एकदम तोडायचं नसतं. त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवलं.

तेव्हा पाकिटाच्या पुढच्या बाजूच्या नावावर जाऊ नका. मूळ नाव तेच असतं, शेवटी एखादं ‘प्लस’ किंवा दोन अक्षरं चिकटलेली असतात आणि आतली औषधं पार वेगळी निघतात. मी घरच्यांसाठी गोळी आणतानाही आधी मागची बाजू वाचतो. वाचता येत नसेल तर मोबाइलने फोटो काढून मोठा करा. तेवढाही धीर नसेल, तर स्वतःच्या मनाने गोळ्या घ्यायच्या भानगडीत पडू नका.

मागची बाजू वाचताना बी६ म्हणजे पायरिडॉक्सिन किती आहे तेही बघा. रोजची गरज जेमतेम दोनेक मिलिग्रॅमची. मल्टिव्हिटॅमिन, नसांची गोळी आणि ताकदीची पावडर अशा तिन्हींत ते असलं तर बेरीज कुठल्या कुठे जाते. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये प्रौढांसाठी दिवसाची वरची मर्यादा १२ मि.ग्रॅ. ठेवली, अमेरिकेतली १०० आहे. जास्त मात्रा महिनोन् महिने घेतली तर हातापायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो. म्हणजे ज्या तक्रारीसाठी गोळी सुरू केली तीच तक्रार, आणि माणूस गोळी वाढवत बसतो! टीबीच्या औषधांसोबत दिलेलं बी६ मात्र ‘जास्तीचं’ समजून टाकून देऊ नका. ते आयसोनियाझिड या टीबीच्या औषधामुळे नसांना होणारा त्रास टाळण्यासाठी असतं.

केसांच्या गोळ्या घेणाऱ्यांसाठी: त्यात बायोटिन (बी७) असतं, गरज ३० मायक्रोग्रॅमची आणि गोळीत बऱ्याचदा ५ ते १० हजार. त्यामुळे केस किती येतात ते तुम्हीच बघा, पण काही रक्ततपासण्या फसू शकतात. टीएसएच (थायरॉइडची तपासणी) खोटाच कमी येऊ शकतो आणि थायरॉइडची चांगली चाललेली गोळी उगाच कमी केली जाते. हार्ट अटॅकसाठीची ट्रोपोनिन तपासणीही काही मशीनवर चुकते. रक्त देण्याआधी लॅबला आणि डॉक्टरांना सांगा. साधारण दोन दिवस आधी बंद ठेवायला सांगतात, मोठ्या मात्रेला त्याहून जास्त.

आधी बी१२चं इंजेक्शन आणि मग तपासणी, हा उलटा क्रम नको. रिपोर्ट छान येतो, पण कळत काहीच नाही.

रक्त कमी आहे म्हणून नुसतं फॉलिक अ‍ॅसिड खाऊ नका. हिमोग्लोबिन सुधारतं, पण कमतरता बी१२ची असेल तर नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं. शाकाहारी असाल किंवा मधुमेहाची मेटफॉर्मिन, अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील, तर आधी बी१२ तपासा.

संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांच्या घरात ते आठवड्यातून एकदाच आणि फॉलिक अ‍ॅसिड सांगितलेल्या दिवशी घ्यायचं, यात अदलाबदल होताच कामा नये. चुकून मेथोट्रेक्सेट रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. मी पाकिटावर मार्करने वार लिहून देतो. तुम्ही दोन्ही वेगवेगळ्या डब्यांत ठेवा.

आणि बी कॉम्प्लेक्स घेतल्यावर लघवी पिवळीधमक झाली तर कावीळ समजून पळू नका, तो रायबोफ्लेविनचा (बी२चा) रंग आहे. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसला, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.