‘तोच’ की ‘तसाच’? टेस्ट लिहिताना आधी हे ठरवा

ऑटोमेशनमध्ये नवीन असताना माझी एक टेस्ट 100 या आकड्याला पास व्हायची आणि 200 टाकला की फेल. जावा, त्यात टेस्ट लिहायचं साधन जेयुनिट, दोन इंटिजर (पूर्णांकांचे ऑब्जेक्ट) आणि त्यांची तुलना करायला मी लावलेलं असर्टसेम. अख्खी दुपार प्रॉडक्टच्या कोडमध्ये बग शोधला. तो होता टेस्टमध्येच. ऑटोबॉक्सिंग करताना, म्हणजे साध्या आकड्याचा आपोआप ऑब्जेक्ट करताना, जावा -128 ते 127 मधल्या आकड्यांसाठी आधीच बनवून ठेवलेला ऑब्जेक्ट देते, त्यापुढे सहसा दर वेळी नवा. मला किंमत तपासायची होती आणि मी तपासत होतो ओळख.

असर्टसेम विचारतं, हा तोच आहे का? असर्टइक्वल्स विचारतं, तसाच आहे का? पायथनमध्ये हीच जोडी असर्टइज आणि असर्टइक्वल अशी भेटते. बहुतेक टेस्टना ‘तसाच’ पुरतं.

पुरत नाही ते कॉपीच्या बाबतीत. आमच्याकडे कार्टची कॉपी देणारी एक मेथड होती आणि तिच्या टेस्टमध्ये एकच ओळ: मूळ कार्ट आणि कॉपी असर्टइक्वल्स. पुढे कोड आवरताना ती मेथड चक्क ‘रिटर्न धिस’ करू लागली, म्हणजे कॉपीऐवजी मूळ कार्टच परत देऊ लागली. टेस्ट हिरवीच राहिली, कारण ऑब्जेक्ट स्वतःसारखा असणारच! इकडे कॉपीत वस्तू टाकली की मूळ कार्टमध्येही दिसायची. मग ‘हा तोच नाही ना?’ विचारणारं असर्टनॉटसेम जोडलं, पण तेही अपुरं. कार्ट नवी असली तरी आतली लिस्ट तीच असू शकते. म्हणून आता मी कॉपीत एक वस्तू टाकतो आणि मूळ कार्टमधली संख्या बदलली नाही ना, हे बघतो. माझा सगळ्यात जास्त भरवसा याच तपासणीवर आहे.

कॅशची, म्हणजे एकदा बनवलेला ऑब्जेक्ट साठवून तोच पुन्हा देणाऱ्या कोडची, टेस्ट मात्र असर्टसेमनेच करा. दोनदा मागितल्यावर तोच ऑब्जेक्ट यायला हवा. कॅश बंद पडून दर वेळी नवा बनत असेल, तर असर्टइक्वल्सला ते कळणारच नाही.

आणखी एक जागा नवख्यांना हमखास अडवते. क्लासमध्ये इक्वल्स, म्हणजे दोन ऑब्जेक्ट ‘तसेच’ कधी मानायचे हे सांगणारी मेथड, लिहिलेलंच नसेल, तर असर्टइक्वल्ससुद्धा मुकाट्याने ओळखच तपासतं. जेयुनिट 5 च्या फेल मेसेजमध्ये दोन्हीकडे मजकूर सारखा आणि ॲटच्या (@) चिन्हापुढचे हॅश, म्हणजे ऑब्जेक्टचे कोड, वेगळे दिसले, तर आधी त्या क्लासचं इक्वल्स उघडून बघा.