कोई पाळताना या चुका टाळा

नवा हौद बांधला, पाणी भरलं, त्याच आठवड्यात दहा-बारा कोई, म्हणजे कार्प जातीचे रंगीत शोभेचे मासे, सोडले आणि पंधरा दिवसांत निम्मे गेले. अशा वेळी दुकानदाराने आजारी मासे दिले असं वाटतं. माझ्या अनुभवात मात्र दोष बहुतेकदा पाण्याचाच निघतो. माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया सतत बाहेर पडतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, पण त्यांना वसायला चार ते सहा आठवडे लागतात. त्यात सिमेंटचा नवा हौद चुना सोडतो, पाण्याचा पीएच (आम्ल-अल्कतेचं माप) चढतो आणि तोच अमोनिया कितीतरी जास्त विषारी होतो. म्हणून हौद आधी भिजवून दोन-तीनदा पाणी बदला, सुरुवातीला दोनच मासे सोडा आणि टेस्ट किटने अमोनिया, नायट्राइट मोजत राहा.

फिल्टर घाण दिसला की तो नळाखाली लख्ख धुण्याची सवय तर फारच महागात पडते. नळाच्या क्लोरीनने ते जिवाणू मरतात आणि हौद पुन्हा पहिल्या दिवसावर येतो. स्पंज हौदातल्याच पाण्यात बादलीत खळबळवा, तेवढं पुरे.

पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर औषध ओतू नका, आधी हवा द्या. हिरव्या पाण्यातलं शेवाळ दिवसा ऑक्सिजन देतं, पण रात्री तोच ओढून घेतं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाणी ३० अंशांवर गेलं की मुळात त्यात ऑक्सिजन कमी मावतो. अशा दिवसांत वीज वाचवायला रात्री एअर पंप बंद करणं म्हणजे मासे गुदमरवणंच. पंप रात्रीच जास्त लागतो! हौदावर शेडनेटची सावली धरा आणि खोली चार फुटांपेक्षा कमी ठेवू नका.

कोईला जठर नसतं. त्यामुळे एकदाच मूठभर खाद्य टाकण्यापेक्षा पाच मिनिटांत संपेल इतकंच, दोन-तीनदा द्या.

पिल्लांची हौस असेल तर एक लक्षात घ्या: नर-मादी अंडी खातात. नर मादीचा पाठलाग करू लागले की हौदात नायलॉनचे ब्रश टांगा, अंडी चिकटली की ब्रश वेगळ्या टाकीत हलवा. तीन-चार दिवसांत पिल्लं बाहेर येतात. मात्र आईबापांसारखे रंग सगळ्यांना येतील ही आशा नको. जपानच्या नीगाता भागात, जिथे ही रंगीत जात घडली, तिथले जाणकारही बहुतांश पिल्लं निवडून काढूनच टाकतात.

आणि नवा मासा थेट जुन्यांत कधीही सोडू नका, कितीही देखणा असो. कोईंचा जीव घेणाऱ्या कोई हर्पिस विषाणूवर औषध नाही आणि वाचलेला मासाही तो बाळगून असू शकतो. तीन-चार आठवडे नव्या माशाची टाकी वेगळी, जाळीही वेगळी.