गाडीत लावायचा गाण्यांचा पेन ड्राइव्ह नीट कसा भरायचा

ब्लूटूथ असताना पेन ड्राइव्ह आता कोण वापरतं असं ज्यांना वाटतं त्यांनी गणपतीच्या आधी एकदा मुंबई-गोवा हायवेने कोकणात जाऊन बघावं. पनवेल सोडलं की माणगावपर्यंत गाडी सरकतेय की थांबलीय तेच कळत नाही, पुढे घाटात रेंज गेली की ॲपमधलं गाणं नुसतं गोल गोल फिरत बसतं, त्यात फोनवर मॅप चालू, कोणीतरी मागून हॉटस्पॉट मागतंय, आणि चिपळूण यायच्या आत बॅटरी लाल. पेन ड्राइव्हला यातलं काहीच लागत नाही. लावला आणि विसरला. पण तो "लावला आणि विसरला" व्हायचा असेल तर आधी घरी बसून नीट भरायला लागतो, कारण गाणी वाजत नाहीत म्हणून लोक थेट म्युझिक सिस्टिमवाल्याकडे जातात आणि बहुतेक वेळा सिस्टिमला काही झालेलंच नसतं, ड्राइव्ह चुकीचा भरलेला असतो.

पहिलं म्हणजे पोर्ट बघा. हल्लीच्या गाड्यांत दोन-तीन यूएसबी पोर्ट असतात पण म्युझिक सिस्टिमला जोडलेला त्यातला एखादाच, बाकीचे नुसते चार्जिंगचे. ज्याच्यावर फक्त विजेची किंवा बॅटरीची खूण असते तो चार्जिंगचा, ज्याच्यावर त्रिशूळासारखं यूएसबीचं चिन्ह किंवा म्युझिकची खूण असते तो आपला. मागच्या सीटसाठी दिलेले पोर्ट जवळपास नेहमी चार्जिंगचेच. आणि सिगारेट लायटरच्या सॉकेटमध्ये खोचतो तो चार्जर, त्यात पेन ड्राइव्ह लावून वाट बघणारे काकाही असतात, त्यांना प्रेमाने सांगा की काका, तिथून फक्त करंट मिळतो. नवीन गाडीत टाइप-सीच पोर्ट असेल तर दोन्हीकडे तोंड असलेला पेन ड्राइव्ह सरळ पडतो.

ड्राइव्ह केवढा घ्यायचा? १६ किंवा ३२ जीबी, बास. हिशोब करा, ३२० केबीपीएसचं (म्हणजे एमपीथ्रीच्या वरच्या दर्जाचं) पाच मिनिटांचं गाणं साधारण १२ एमबी होतं, म्हणजे १६ जीबीत हजार-बाराशे गाणी आरामात बसतात, ती सलग लावली तर १०० तास वाजतील. एवढ्या वेळात सावंतवाडीला जाऊन येऊन परत जाऊन होईल. मोठा ड्राइव्ह घेतला की गाडीला तो वाचायला वेळ लागतो, फॉरमॅटची कटकट वाढते आणि हवं ते गाणं सापडत नाही ते वेगळंच. आकाराने मात्र नखाएवढा बुटका मिळतो तो घ्या, लांबडा असला की गिअर टाकताना हात किंवा बाजूवाल्याचा गुडघा लागतो आणि एक दिवस पोर्टच ढिला होतो. फुटपाथवर दोन-चारशे रुपयांत "१ टीबी" म्हणून जे विकतात त्याच्या नादी लागू नका, आत कपॅसिटी खोटी दाखवायची सोय केलेली असते, कॉपी पूर्ण झाल्यासारखी दिसते आणि नंतर अर्धी गाणी उघडतच नाहीत. लॅमिंग्टन रोडवर पक्कं बिल देणाऱ्या दुकानातून घ्या, नाहीतर घरात एखादा जुना पडलेला असतोच. पोर्टेबल हार्ड डिस्क लावायचा विचार सोडून द्या. साध्या यूएसबी २.० पोर्टमधून ५०० मिलीॲम्पिअरच करंट मिळतो, तेवढ्यात बऱ्याच डिस्क फिरायलाच लागत नाहीत.

आता फॉरमॅट. इथेच निम्मे लोक अडकतात. गाडीतल्या प्लेयरला फॅट३२ ही फाइल सिस्टिम, म्हणजे ड्राइव्हवर फाइली मांडून ठेवायची पद्धत, हमखास कळते, एनटीएफएस आणि एक्सफॅट कळेलच याची खात्री नाही, आणि गंमत म्हणजे ६४ जीबी आणि त्यावरचे ड्राइव्ह बहुतेक कंपनीतूनच एक्सफॅट होऊन येतात. म्हणून नवाकोरा ड्राइव्ह लॅपटॉपवर मस्त चालतो आणि गाडी म्हणते "नो डिव्हाइस". विंडोजमध्ये ड्राइव्हच्या आयकॉनवर राइट क्लिक करा, फॉरमॅट, फाइल सिस्टिममध्ये फॅट३२ निवडा, क्विक फॉरमॅटची टिक राहू दे, स्टार्ट. आतलं सगळं पुसलं जातं हं, बाळाच्या बारशाचे फोटो वगैरे काही त्यात असेल तर आधी दुसरीकडे टाका. ३२ जीबीपेक्षा मोठ्या ड्राइव्हला विंडोजच्या या खिडकीत फॅट३२ चा पर्याय सहसा दिसतच नाही, त्याचा अर्थ होत नाही असा नाही, रूफस नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे त्यातून होतं. तिथे पार्टिशन स्कीम विचारली तर एमबीआर निवडा, कारण जीपीटी केलेला ड्राइव्ह पुष्कळ गाड्यांना ओळखता येत नाही. मॅकवाल्यांनी डिस्क युटिलिटीत एमएस-डॉस फॅट आणि मास्टर बूट रेकॉर्ड, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

फाइली एमपीथ्रीच ठेवा. नवीन गाड्यांत फ्लॅक चालतं, डब्ल्यूएव्ही चालतं, एएसी पण चालतं, गाडीच्या मॅन्युअलमध्ये यादी असते ती बघा, पण एमपीथ्री कुठेही वाजतं. व्हॉट्सॲपवर आत्याने पाठवलेलं रेकॉर्डिंग ओपस फॉरमॅटमध्ये असतं ते सहसा वाजत नाही, आणि फाइलचं नाव बदलून शेवटी एमपीथ्री लिहिलं म्हणून ते एमपीथ्री होत नाही, नीट कन्व्हर्ट करायला लागतं, व्हीएलसी प्लेयरमध्ये ती सोय आहे. आणि एक, गाण्यांच्या ॲपमध्ये जे "डाउनलोड" करून ठेवता ती गाणी लॉक केलेली असतात, त्या ॲपबाहेर वाजत नाहीत, ती शोधून पेन ड्राइव्हवर टाकायचा खटाटोप करू नका. विकत घेतलेली एमपीथ्री किंवा घरातल्या जुन्या सीडी कॉम्प्युटरवर उतरवून घेतलेल्या, असं काहीतरी लागेल. उतरवताना १९२ केबीपीएस ठेवलं तरी चालतं, टायरचा, एसीचा आणि सायनच्या सिग्नलला वाजणाऱ्या हॉर्नचा आवाज चालू असताना १९२ आणि ३२० मधला फरक भल्याभल्यांना सांगता येत नाही.

आता खरा डोकेदुखीचा विषय, गाण्यांचा क्रम. लॅपटॉपवर सगळं एका खाली एक व्यवस्थित दिसतं आणि गाडीत पहिल्यांदा सतरावं गाणं, मग तिसरं, मग भलतंच. नाट्यगीतं किंवा गाणी असतील तर एक वेळ ठीक आहे, पण कथाकथन, कीर्तन, पारायण असं काही भागांत असेल तर सगळा विचका होतो. कारण असं की फॅट३२ मध्ये फाइलींची यादी नावाप्रमाणे लावलेली नसते, ज्या क्रमाने फाइली आत गेल्या त्या क्रमाने असते. लॅपटॉप आपल्याला दाखवताना ती नावाप्रमाणे लावून दाखवतो, गाडीतले बरेच प्लेयर ते कष्ट घेत नाहीत, यादीत जशी सापडतील तशी वाजवत सुटतात. आणि वर असंही होतं की तुम्ही मधलं एक गाणं डिलीट करून नवीन टाकलं तर ते शेवटी जाईलच असं नाही, डिलीट झालेल्याच्या रिकाम्या जागेवर जाऊन बसतं, लोकलमध्ये कुणी दादरला उठला की उभा असलेला लगेच त्या सीटवर बसतो तसं.

यावर उपाय दोन. पहिला उपाय फुकट आणि कंटाळवाणा. सगळी गाणी आधी लॅपटॉपवर एका फोल्डरमध्ये जमवा, नावांपुढे आकडे टाका, आणि आकडे ००१, ००२ असेच टाका, नुसते १, २, ३ टाकले तर काही प्लेयर १ नंतर १० घेतात मग ११, आणि २ येतो कितीतरी वेळाने. मग रिकाम्या, फॉरमॅट केलेल्या ड्राइव्हवर एकदाच कॉपी करा. सगळं सिलेक्ट करून ओढत असाल तर पहिल्या फाइलला धरून ओढा, मधल्या फाइलला धरलं तर विंडोज कॉपी तिथूनच सुरू करतं आणि परत क्रम बोंबलतो. एकेक फोल्डर करत गेलात तर अजून बरं. दुसरा उपाय म्हणजे जशी असतील तशी कॉपी करून टाका आणि नंतर ड्राइव्हसॉर्ट नावाच्या छोट्या सॉफ्टवेअरने ती आतली यादीच नावाप्रमाणे लावून घ्या, लिनक्सवर आणि मॅकवर फॅटसॉर्ट आहे. वारंवार गाणी बदलणाऱ्यांनी हाच मार्ग धरावा, दर वेळी सगळं पुसून भरत बसण्यात काय अर्थ आहे.

फोल्डर थोडेच आणि उथळ ठेवा. फोल्डरमध्ये फोल्डर, त्यात परत फोल्डर असं करू नका, प्रत्येक सिस्टिमला किती फोल्डर आणि किती फाइली वाचता येतात याची मर्यादा असते, ती ओलांडली की पुढची गाणी दिसतच नाहीत. माझं मत विचाराल तर फोल्डर गायकाप्रमाणे किंवा सिनेमाप्रमाणे करूच नयेत, माणसांप्रमाणे आणि वेळेप्रमाणे करावेत: आईबाबा गाडीत असताना, मुलं असताना, रात्री एकट्याने चालवताना झोप उडवणारी, पहाटेचे अभंग. गाडी चालवताना तुम्हाला एवढंच ठरवायचं असतं, एक बटण दाबलं की फोल्डर बदलला. स्क्रीनवर बोट फिरवत "ती कोळीगीतं कुठेयत" हे ईस्टर्न एक्सप्रेसवर ८० च्या स्पीडला शोधायची गोष्ट नाही.

नावांचं पण बघायला लागतं. जुन्या आणि स्वस्तातल्या सिस्टिममध्ये देवनागरी फॉन्टच नसतो, मराठी नाव टाकलं की चौकोन चौकोन दिसतात किंवा नुसती प्रश्नचिन्हं, काही ठिकाणी अक्षरं दिसतात पण वेलांटी एकीकडे आणि अक्षर दुसरीकडे. मन खट्टू होतं खरं, पण दोन-तीन मराठी नावांच्या फाइली टाकून आधी टेस्ट करा, चौकोन आले तर सरळ इंग्रजी अक्षरांत लिहा. आणि नाव बदलूनही स्क्रीनवर कुठल्यातरी वेबसाइटचंच नाव दिसत असेल तर समजा की गाडी फाइलचं नाव न दाखवता फाइलच्या आतला टॅग दाखवतेय. गाण्याचं, गायकाचं, अल्बमचं नाव त्या टॅगमध्ये असतं. एमपीथ्रीटॅग हे सॉफ्टवेअर विंडोजवर फुकट आहे, त्यात शंभर फाइली एकदम सिलेक्ट करून फाइलच्या नावावरून टॅग बनवता येतो. टॅगचं व्हर्जन विचारलं तर २.३ ठेवा, २.४ जुन्या प्लेयरना झेपत नाही. कव्हरचा फोटो मोठ्या साइझचा चिकटवलेला असेल तर तो काढा किंवा ५०० बाय ५०० चा करा, प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला गाडी अडखळते ती कधी कधी त्यामुळेच.

मॅकवरून कॉपी करणाऱ्यांना अजून एक भूत भेटतं, प्रत्येक गाण्याच्या आधी त्याच नावाची एक फाइल दिसते आणि ती लागली की "अनसपोर्टेड" येतं. मॅक स्वतःची माहिती ठेवायला टिंब आणि अंडरस्कोरने सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइली बनवतो, त्या या. टर्मिनलमध्ये डॉट क्लीन (dot_clean) नावाची कमांड आहे ती चालवा, किंवा शेवटी एखाद्या विंडोज लॅपटॉपवर ड्राइव्ह लावून हिडन फाइल दाखवा आणि उडवा.

भरून झालं की ड्राइव्ह इजेक्ट करूनच काढा, कॉपीची खिडकी बंद झाली तरी मागे काहीतरी लिहिणं चालू असू शकतं आणि नेमकी शेवटची गाणी अर्धवट राहतात. गाडीत लावल्यावर सोर्स किंवा मीडिया बटण दाबून यूएसबी निवडा आणि पहिल्या वेळी थोडा धीर धरा, सगळी यादी वाचून व्हायला वेळ लागतो, लगेच काढ-घाल सुरू करू नका. एकच फोल्डर फिरून फिरून वाजतोय तर रिपीट फोल्डरवर असेल, क्रम नीट भरूनही उलटसुलट वाजतंय तर आधी शफल बंद आहे का बघा, मग मला शिव्या द्या. काहीच दिसत नसेल तर तोच ड्राइव्ह दुसऱ्या गाडीत आणि दुसरा ड्राइव्ह तुमच्या गाडीत लावून बघितला की दोष कुणाचा ते पाच मिनिटांत कळतं. पावसाळ्यात बरेच दिवस न वापरलेला पोर्ट दमटपणामुळे दगा देतो, कधी नुसतं दोन-चारदा काढून घातल्यावर चालू होतो. आत टाचणी वगैरे घालू नका, शॉर्ट होईल.

आणि गाडी जुनी आहे, यूएसबीच नाही, तर एफएम ट्रान्समीटर घ्या. लायटरच्या सॉकेटमध्ये बसतो, त्यात पेन ड्राइव्ह लावायचा आणि त्यावर जी फ्रिक्वेन्सी ठेवली तीच गाडीच्या रेडिओवर लावायची. मुंबईत मात्र बँड गच्च भरलेला आहे, ९३.५ किंवा ९८.३ च्या आसपास लावलात तर तुमच्या अभंगात आरजे बडबडायला लागेल. अगदी खालच्या टोकाला, ८७.५ ते ८८ च्या दरम्यान, रिकामी जागा मिळायची शक्यता जास्त असते. आधी रेडिओ तिथे नेऊन नुसती खरखर येतेय का ऐका आणि मगच ट्रान्समीटर त्यावर ठेवा. ट्रान्समीटरचा आवाज जरा चढा आणि गाडीचा कमी ठेवलात तर खरखर कमी येते. पुण्याला किंवा नाशिकला गेलात की तिथे ती जागा रिकामी असेलच असं नाही, परत एकदा शोधायला लागते.