गायकाचं मूळ शोधायचं तर आडनावापासून सुरू करा

आमच्या वाईत कोणी पाचगणीचा विषय काढला की ‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी येतोच. मग वाद: इंग्रज, इराणी की आफ्रिकन? माझी पद्धत सांगतो.

स्टेजवरचं नाव आधी बाजूला ठेवा. जन्मनाव फारुख बुलसारा. पारशी आडनावं बोलकी असतात: दारूवाला, बाटलीवाला धंद्यावरून, भरुचा, बुलसारा गावावरून. आपल्या ‘कर’सारखंच की! बुलसार म्हणजे आजचं गुजरातमधलं वलसाड. म्हणजे निम्मं काम आडनावानंच केलं.

आता वहीत चार रकाने आखा: जन्मगाव, नागरिकत्व, समाज, धर्म. सगळा घोळ होतो तो हे एकात कोंबल्यामुळे. जन्म झांझिबारचा, ५ सप्टेंबर १९४६. पण म्हणून तो वंशानं आफ्रिकन ठरत नाही. वडील बोमी तिथे ब्रिटिश सरकारी नोकरीत रोखपाल होते. समाज पारशी, धर्म झरथुष्ट्री. पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी इराणातून गुजरातेत आलेले, तेव्हा थेट ‘इराणी’ लिहू नका. आपल्याकडे इराणी म्हणजे नंतर आलेले, चहाच्या हॉटेलांमुळे माहीत झालेले.

मग स्थलांतराच्या तारखा लावा. आठव्या वर्षी पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये, झांझिबारमधल्या १९६४ च्या क्रांतीनंतर कुटुंब इंग्लंडला.

शेवटी अंत्यविधी पाहा. १९९१ मध्ये लंडनला पारशी धर्मगुरूंनीच प्रार्थना म्हटल्या. धर्माचा रकाना मी तेव्हा पेनानं भरला, तोवर पेन्सिल.