समुद्रतळातून पाझरणारे भूजल कसे मोजावे

किनाऱ्यालगतचे भूजल रेतीतून आणि खडकांच्या भेगांतून समुद्रतळाशी पाझरत असते. मात्र तळातून वर येणारे सगळे पाणी जमिनीकडून आलेले नसते: भरतीला रेतीत शिरलेले समुद्राचेच पाणी ओहोटीला परत बाहेर पडते, आणि पुष्कळ किनाऱ्यांवर त्याचाच वाटा मोठा असतो. म्हणून एकूण पाझर मोजायचा आहे की त्यातले गोडे पाणी, हे आधी ठरवावे.

जागा शोधण्यासाठी ओहोटीची वेळ निवडावी, कारण समुद्राची पातळी उतरली की पाझराचा जोर वाढतो. तळालगतच्या पाण्याची विद्युतवाहकता (जिच्यावरून क्षारता कळते) आणि तापमान मोजत किनाऱ्याला समांतर जावे. क्षारता एकाएकी उतरलेली ठिकाणे नकाशावर नोंदवावीत. पाझराचे पाणी समुद्रापेक्षा थंडच असेल असे गृहीत धरू नये. हवाईतील माउई बेटावर काहेकिली येथे प्रवाळभित्तीत ते कोमट निघाले.

रेताड तळावर सर्वांत स्वस्त साधन म्हणजे डेव्हिड ली यांनी १९७७ मध्ये मांडलेले पाझरमापक. लोखंडी पिंपाचा एका बाजूने बंद असलेला टोकाचा भाग कापून घ्यावा, बंद बाजूला तोटी बसवावी आणि उघडी बाजू खाली करून तो रेतीत हळूहळू दाबावा. तोटीची बाजू किंचित उंच ठेवावी, म्हणजे आत अडकलेला वायू निघून जाईल. ढवळलेला तळ स्थिरावण्यासाठी शक्यतो एक दिवस जाऊ द्यावा आणि मगच तोटीला पातळ प्लास्टिकची पिशवी जोडावी. पिशवी रिकामी कधीच जोडू नये. तिच्या स्वतःच्या ताठपणामुळे सुरुवातीला पाणी ओढले जाते आणि आकडा फुगतो. तीत सुमारे एक लिटर मोजलेले पाणी आधीच भरावे आणि लाटांचा धक्का बसू नये म्हणून ती छिद्रे पाडलेल्या डब्यात ठेवावी. दोन तासांत पाणी १.५ लिटरने वाढले आणि पिंपाखालचे क्षेत्र ०.२५ चौरस मीटर असले, तर पाझर ताशी ३ मिलिमीटर, म्हणजे त्याच वेगाने दिवसाला ७.२ सेंटिमीटर होतो. पण तो वेग दिवसभर टिकत नसल्यामुळे मोजणी किमान एका पूर्ण भरती-ओहोटीच्या चक्रभर, म्हणजे सुमारे साडेबारा तास, चालू ठेवावी.

गोड्या पाण्याचा वाटा क्षारतेवरून निघतो. समुद्राची क्षारता (एक किलो पाण्यातील क्षारांचे ग्रॅम) ३५, पाझराची २८ आणि भूजलाची जवळजवळ शून्य असेल, तर तो वाटा एक पंचमांश होय. हा नमुना पिशवीतून न घेता रेतीत खुपसलेल्या बारीक नळीतून घ्यावा, कारण पिंपात आरंभी समुद्राचेच पाणी असते.

प्रवाळखडकावर मात्र पिंप बसत नाही, आणि जिवंत प्रवाळावर ते दाबणे तर अक्षम्यच आहे. तेथे रेडॉन-२२२ हा किरणोत्सर्गी वायू उपयोगी पडतो. खडकांतून वाहिलेल्या भूजलात त्याचे प्रमाण समुद्राच्या पाण्यापेक्षा अनेक पटींनी अधिक असते, तो कशाशी सहजी संयोग पावत नाही आणि त्याचे अर्धायुष्य ३.८ दिवसांचे असते. पंपाने पाणी सतत मापकात नेऊन नोंदी घ्याव्यात. वाऱ्यामुळे हवेत निसटलेला, क्षय पावलेला आणि ओहोटीबरोबर बाहेर गेलेला रेडॉन हिशेबात मिळवावा, तर भरतीबरोबर आलेला आणि पाण्यातल्या रेडियमपासून तयार झालेला वजा करावा. उरलेल्या आकड्याला भूजलातील रेडॉनच्या प्रमाणाने भागले की पाझर मिळतो. या पद्धतीचा कच्चा दुवा म्हणजे तो भाजक. एकाच विहिरीच्या नमुन्यावर विसंबून न राहता विहिरी आणि किनाऱ्यावरची रेती यांतून अनेक नमुने घ्यावेत. शिवाय रेतीतून फिरून आलेले खारे पाणीही वाटेत रेडॉन उचलते, त्यामुळे हा आकडा निव्वळ गोड्या पाण्याचा समजू नये.

पाणी कोठून येते हा प्रश्न यांपैकी कोणतेही साधन पूर्णपणे सोडवत नाही. काहेकिलीजवळच्या सांडपाणी प्रकल्पाच्या, सांडपाणी जमिनीखाली सोडणाऱ्या विहिरींत २०११ साली फ्लुओरेसीन रंग सोडण्यात आला. तो ८४ दिवसांनी समुद्रतळातील झऱ्यांत दिसू लागला. अशा चाचणीपूर्वी झऱ्यांतील पाण्याची मूळ प्रतिदीप्ती (प्रकाश पडल्यावर दिसणारी चमक) मोजून ठेवावी आणि शासकीय परवानगी घ्यावी. प्रवाळावरचा नायट्रेटचा भार काढण्यासाठी पाझराला त्यातील नायट्रेटच्या प्रमाणाने गुणावे. मात्र नायट्रेटचा नमुना झऱ्याच्या तोंडाशीच घ्यावा आणि सामू जागेवरच मोजावा, कारण पाणी बाटलीत वर आणेपर्यंत त्यातला कार्बन डायऑक्साइड निसटू लागतो आणि सामू बदलतो.